समोरच्या सीटवरचा पाहुणा

१८ ऑगस्ट, मिरज

शिकाऊ गाडीतल्या माझ्या बाजूच्या ब्रेकचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. ते काढून नवे बसवायचे काम मी सकाळी हाती घेतले होते. माझे मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. शिकणारा उजवीकडे बसतो, मी डावीकडे, आणि माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर माझा संसार चालला आहे, म्हणून त्याचे रबर मी कुणा मेकॅनिकवर सोडत नाही. अर्धे बसले होते, अर्धे लोंबत होते, तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून सुनंदा.

सुनंदा माझी धाकटी मावसबहीण. पक्की मिरजेची मुलगी, पण लग्न होऊन नागपूरला गेली आणि चार-दोन महिन्यांत तिची बोली अशी पालटली की पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा मावशीला वाटले, जावयाच्या गावचे कोणी सोबत आले आहे.

“अक्का, यायले गाडीवरून उतरवून राहिले वं,” ती म्हणाली.

‘यायले’ म्हणजे तिच्या यजमानांना. दिवाकर त्यांचे नाव. ते नागपुरात शहर बस चालवतात. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, म्हणून मी त्यांना दाजी म्हणते. दाजींच्या बसला उन्हाळ्यात यंत्राचे दोन डोळे बसवले. एक काचेतून बाहेर रस्त्याकडे बघतो, दुसरा आत दाजींकडे. माणूस कशाला म्हणतात, गाय कशाला, स्कूटर कशाला, हे त्या यंत्राला ढीगभर व्हिडिओ दाखवून शिकवलेले आहे. ड्रायव्हरचे लक्ष उडाले की त्याचा चेहरा कसा दिसतो, हेही. पुढे काही फार जवळ आले की बाहेरचा डोळा टिकटिक करतो. ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून हलली की आतला डोळा ‘टुंई’ करतो, आणि नुसता करून थांबत नाही, डेपोच्या कचेरीत कळवतो. ज्याच्या टुंया महिनाभरात सगळ्यांत जास्त, त्याला स्टिअरिंगवरून काढून डेपोच्या फाटकावर बसवायचे, असे ऑगस्टपासून ठरले होते. जुलैत दाजी सगळ्यांच्या वर होते. ऑगस्ट अर्धा सरला तरी वरच होते.

दाजींनी आजवर कोंबडीलाही धक्का लावलेला नाही. निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेली. ती फाटकावर बसून, दुसऱ्यांच्या बस आत-बाहेर जाताना मोजत काढायची, या विचाराने त्यांचे जेवण तुटले होते.

“तू गाड्या शिकवते,” सुनंदा म्हणाली. “तू ये, त्यायच्याजवळ बस, अन् पाहा चूक मशीनची आहे का यायची. अन् मशीनचीच आहे म्हणून कचेरीत सांग.”

निकाल लागलेला होता. तो जाहीर करायला तेवढी मी हवी होते. उरलेले अर्धे रबर बसवले, शिकणाऱ्यांना आठवड्याची सुट्टी दिली आणि संध्याकाळची गाडी धरली. नवऱ्याला स्वयंपाक येतो, त्यामुळे घरचा प्रश्न नव्हता.

१९ ऑगस्ट, हुडकेश्वर

सुनंदाचे घर हुडकेश्वरला. शहराच्या दक्षिणेला नवी वस्ती वाढते आहे; एका प्लॉटवर बंगला, शेजारच्या प्लॉटवर म्हशी. नागपूरचे रस्ते रुंद आहेत. मिरजेत समोरून टेम्पो आला की आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढतो, तसे इथे नाही. पण जागा जास्त असली तरी माणसे चालवताना एकमेकांना चिकटूनच चालवतात. स्टेशनवरून येताना माझ्या रिक्षावाल्याने शेजारच्या स्कूटरवाल्याशी अख्खा उड्डाणपूल गप्पा मारल्या. मला वाटले भाऊ असावेत. उतरल्यावर विचारले, तर म्हणाला, “नाही जी, ओळख नाही. बाजूलेच होता तर बोललो.”

हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवे होते.

दुपारी वडाभात होता. भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून मोहरी-लाल मिरचीची तेलाची फोडणी ओतायची. आम्ही वरणावर तूप घेतो तितक्या सहजपणे ही मंडळी तेल घेतात. मी संत्री मागितली. सगळे हसले. संत्र्यांचा हंगाम नव्हता. नागपुरात आलेला प्रत्येक पाहुणा बारा महिने संत्री मागतो म्हणे. माझ्या समाधानासाठी संत्रा बर्फी आणून दिली.

दाजी ड्यूटीवरून आले ते तोंड पाडूनच. तसे ते उंच, हसतमुख, मिशी पांढरी झालेली, आणि समोर कोणी बसले की खुर्ची त्याच्याकडे वळवून घेऊन बोलणारे. यंत्रावर त्यांचा राग नव्हता, उलट वाईट वाटत होते.

“ताई, त्याले माहा चेहराच पसंत नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्यायच्या गाडीत गुमान राहते. मले पाहिलं का सुरू.”

२० ऑगस्ट, हुडकेश्वर ते कोराडी

सकाळी स्टँडजवळच्या ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा. कोल्हापूरच्या बाजूची माणसे तिखटाला घाबरत नाहीत, असे मी ठेलेवाल्याला सांगितले आणि जास्तीची तर्री घेतली. त्यानंतर पहिले तीन स्टॉप मला नीट दिसले नाहीत.

दाजींच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डावीकडे, इंजिनच्या झाकणापलीकडे, एकच सुटी सीट आहे. तिथे मला बसवले. मी म्हटले, मागे बसते. दाजींना ते ऐकवेना. कंडक्टर प्रज्ञा म्हणाली, “बसा ना काकू. ते यायच्या पाव्हण्यायचं आसन आहे. तिथं बसल्याशिवाय कोणी नागपूर पाहिलं असं हे मानत नाहीत.” प्रज्ञा तिशीची, चुणचुणीत; ओळखीच्या म्हाताऱ्यांना ‘जय भीम’ करत करत तिकिटे फाडते आणि उतरणाऱ्याची पिशवी स्वतः खाली ठेवते.

ड्रायव्हर कसा आहे हे बघायचे तर मी तीनच गोष्टी बघते: पाय, आरसे आणि समोरचा रस्ता. शिकणाऱ्याच्या तोंडाकडे मी कधी बघत नाही. तोंडाकडे बघून आजवर कोणी गिअर टाकलेला नाही. दाजींचे पाय पाहून मला बरे वाटले. क्लच असा सोडत होते की उभ्या म्हातारीचा तोल जाऊ नये. ब्रेक आधीपासून, थोडाथोडा. माझा उजवा पाय मात्र सवयीने दर चौकात पत्र्यावर दाबला जात होता. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, “काहून जी, मुंग्या आल्या का पायाले?”

बाहेरचा डोळा टिकटिकला की कारण दिसायचे. कधी गाय, कधी आडवी घुसलेली स्कूटर, बर्डीवर तर अख्खा बाजार. सीताबर्डीला इथे सगळे नुसते बर्डी म्हणतात. आतला डोळा टुंई करायचा तेव्हा मात्र मी तत्काळ रस्त्याकडे बघायची आणि तिथे काहीच नसायचे. सरळ, रिकामा रस्ता. मग मी दाजींना विचारायची, आता हे कशासाठी वाजले? दाजी सांगायचे, “तेच तर ताई,” की पुन्हा टुंई. मी आणखी काही विचारायची, पुन्हा टुंई. दुपारपर्यंत माझे मत झाले की यंत्र बिघडलेले आहे.

कोराडीकडे जाताना वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. राखेने झाडांची पाने पांढरट, आणि रस्त्यावर कोळशाचे ट्रक. एका वळणावर शाळेसमोर नवा गतिरोधक, चमकणारे खांब आणि पिवळे पट्टे होते. मी विचारले, इथे मोठा अपघात झाला होता का?

“नाही झाला,” प्रज्ञा म्हणाली. “या वळणावर सगळ्या बसा रोज कचकन ब्रेक लावत होत्या. मशीननं ते धरलं, अन् झाला नसताना खांब लावले. पहिले कोणी मेल्यावर बोर्ड लावत होते. आता अगोदर लावून राहिले.”

हे मला पटले. यंत्र एवढे समजदार असेल तर आतला डोळा तेवढा सदोष असणार, दुसरे काय. सुनंदाने डब्यात सांबारवडी दिली होती. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बेसनाच्या पारीत ती खोबरे-खसखशीसह ठासून भरलेली असते. बस सिग्नलला उभी राहिली की मी दाजींना एकेक देत होते. चालत्या बसमध्येही एखादी दिली असेल.

२१ ऑगस्ट, डेपो

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. दाजी, मी, आणि साक्षीला प्रज्ञा. वकील मी. यंत्राचे काम बघणारी इंजिनिअर नेहा, दाजींच्या मुलीच्या वयाची, नागपूरचीच. तिने आम्हाला चहा दिला आणि माझे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मी पाय, आरसे, क्लच, रिकामा रस्ता सगळे मांडले. बिघडलेल्या वस्तूच्या शब्दावर चांगल्या ड्रायव्हरला फाटकावर बसवणे हे कोणत्या शहाणपणाचे, असे विचारून थांबले. बोलणे चांगले झाले होते. प्रज्ञाने मान डोलावली.

“काकू, आधी बघून घेऊया,” नेहा म्हणाली आणि तिने पडदा आमच्याकडे वळवला.

आतला डोळा टुंई करतो तेव्हा तेवढा तुकडा जपून ठेवतो. पहिल्या तुकड्यात दाजी डावीकडे वळून हसत होते. दुसऱ्यात डावीकडे वळून भुवया उंचावून काहीतरी समजावत होते. तिसऱ्यात हसत होते. जुलैतले, ऑगस्टमधले, सकाळचे, दुपारचे, उन्हातले, पावसातले. प्रत्येक तुकड्यात बस चालू, आणि दाजींचे तोंड लग्नाच्या मांडवात पाहुण्यांचे स्वागत करावे तसे डावीकडे. फोटोवाल्याला एवढे चांगले हसू पैसे देऊन मिळत नाही.

“आणि हे कालचे,” नेहा म्हणाली. “काल सर्वांत जास्त आहेत. आतापर्यंतच्या सगळ्या दिवसांपेक्षा.”

कालच्या तुकड्यांत दाजी तसेच होते, पण डावीकडून एक हात चित्रात येत होता. हाताच्या बोटांत सांबारवडी. मनगटावर घड्याळ, तेही आतल्या बाजूला फिरवलेले, कारण स्टिअरिंगवर हात असताना तसे बघायला सोपे जाते. हिरव्या बांगड्या. तो हात माझा होता.

“काल पुढे कोण बसलं होतं?” नेहाने विचारले. ती हे सभ्यपणे विचारत होती. तिला उत्तर दिसत होते.

मी चहा संपवला. यंत्र बरोबर होते. ते मी तिथेच सांगितले, कारण सांगायला उशीर केल्याने ते चूक ठरणार नव्हते. प्रज्ञाने मान डोलावणे थांबवले. दाजींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू सासरच्या बैठकीत माहेरच्या माणसाने पलटी खाल्ली.

“पण ताई,” ते म्हणाले, “पाव्हण्याले पाठ दाखवून कसं बोलाचं? तुम्ही घरी आलेल्या माणसाशी भिंतीकडे पाहून बोलसान का जी?”

“मग बोलू नका ना काका,” नेहा म्हणाली.

बाहेर एक बस धुतली जात होती, तिचे पाणी ऐकू येत होते.

“म्हणजे श्वास घेऊ नका म्हणून राहिल्या मॅडम,” प्रज्ञा म्हणाली.

नेहा काही दुष्ट नव्हती. तिने सांगितले की महिना अजून संपलेला नाही, उरलेल्या दिवसांत टुंया उतरल्या तर दाजी तळाला येऊ शकतात. आम्ही निघालो. घरी सुनंदाने सगळे ऐकले आणि जेवणात मला भाकर वाढताना ताटापासून थोडी उंचावरून वाढली.

२२ ऑगस्ट, पोळा

आपण बिघडवले ते आपण दुरुस्त करायचे, एवढे मला कळते. सकाळी मी मागच्या बाकावर बसले आणि पुढची सीट रिकामी ठेवली. ती एक स्टॉप रिकामी राहिली. मग एक गृहस्थ चढले, हातात बैलाची झूल, खांद्यावर घुंगरमाळा. दाजींचे चुलतमामा, कळमेश्वरचे. मुलगा तिथल्या कारखान्यात, शेती यांच्याकडे. पोळ्यासाठी शहरातून साज घेऊन निघालेले. बर्डीपर्यंत यायचे, पुढे कळमेश्वरची गाडी. दाजींच्या तोंडून निघून गेले, “या ना जी मामा, समोर बसा.” मी मागून खाकरले. दाजी म्हणाले, “नाही, मागे बसा.”

मामा मधल्या दांड्याला धरून उभे राहिले. “आता मागं बसवता का आम्हाले? बैलाची झूल आहे म्हणून?”

मामा पुढे बसले. बर्डीपर्यंत टुंई, टुंई, आणि घुंगरांचा आवाज.

परतीच्या फेरीला मी पुठ्ठ्यावर ‘येथे बसू नये’ लिहून सीटवर ठेवले. एका बाईंनी तो पुठ्ठा उचलला, सीट पुसली, बसल्या आणि त्यानेच वारा घेतला. मग प्रज्ञाने तिथे आपली पिशवी ठेवली. पुढच्या स्टॉपला चढलेल्याने ती प्रेमाने उचलून तिच्या हातात दिली, “ताई, तुमची राहून गेली होती,” आणि बसला. मग मी स्वतः तिथे तोंड मिटून बसले. दाजींना ते सहन झाले नाही. बोलणारा पाहुणा असला तर ते बोलतात; न बोलणारा असला तर काय झाले म्हणून दर चौकात विचारतात.

संध्याकाळी घरी पुरणपोळी आणि कढी. वस्तीच्या मैदानात सजवलेले बैल उभे केले होते, त्यांना ओवाळून आलो. दाजी दुसऱ्या पोळीलाच थांबले. नेहमी त्यांना चार लागतात.

नंतर सुनंदाने माळ्यावरून कापडात गुंडाळलेले काहीतरी काढायला लावले. लाकडाचा बैल, चाके असलेला, मोठ्या बोकडाएवढा, शिंगांना सोनेरी रंग. तिच्या मुलाचा लहानपणचा. आमच्याकडे पोळा बैलांचा असतो आणि एका दिवसात संपतो. इथे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो मुलांचा. मुले नटून-थटून असे लाकडी बैल दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि खाऊ मिळवतात. त्याला नंदी म्हणतात. मुलगा पुण्याला नोकरीला, नंदी माळ्यावर. तो सुनंदाच्या नणंदेच्या नातीला द्यायचा होता, कोराडीच्या वसाहतीत.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

नंदी जड होता. दाजींच्या बसने नेणे सोपे. मधल्या वाटेत ठेवला असता तर लोक अडखळले असते, म्हणून पुढच्या सीटवर ठेवला, तोंड काचेकडे करून, आणि सुनंदाच्या जुन्या साडीने सीटला घट्ट बांधला. अंगावर झूल आणि गळ्यात झेंडूची माळ सुनंदाने आधीच घातली होती. मी त्याच्या मागे बसले, कलला तर धरायला. एवढाच विचार होता.

पहिल्या स्टॉपला एक माणूस चढला, पुढच्या सीटकडे वळला, थांबला, नंदीला हात जोडले आणि मागे गेला. दुसऱ्यानेही तेच केले. मेडिकल चौकापर्यंत बस खच्चून भरली, माणसे दाराला लोंबत होती, पण नंदीला उठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. प्रज्ञाने त्याचे अर्धे तिकीट फाडले आणि झुलीत खोचले.

आणि आतला डोळा गप्प होता. मी ऐकत राहिले. एक चौक, दुसरा चौक, पूल. दाजी समोर बघत होते. मी हळूच म्हटले, “दाजी, वळून बघू नका, पण आज पाहुण्याला पाठ दाखवलेली चालते का?”

“नंदी देवळात तरी कोणाकडे पाहते जी?” दाजी समोर बघूनच म्हणाले. “तो समोर पाहते, त्याच्यामागून लोक समोर पाहतात. त्याचा अपमान कायचा?”

त्या दिवशी शहरात मारबत असते. मोठमोठे पुतळे मिरवत नेतात आणि वर्षाची पीडा त्यांच्यासोबत घालवतात. त्यांच्या जोडीला बडग्या, म्हणजे ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा बुजगावण्यासारखा पुतळा. रस्ते वळवले होते. एका वळणावर डेपोतले सुट्टीचे ड्रायव्हर एक बडग्या घेऊन निघालेले दिसले. खोक्याचे डोके, त्याला दोन बल्बचे डोळे, छातीवर ‘टुंई’. “टुंई-टुंईले घेऊन जा गे मारबत” असे ओरडत होते. बडग्याच्या अंगात चौकटीचा शर्ट होता. दाजींचा. त्यांनीच गेल्या आठवड्यात दिला होता.

“शर्ट चांगला होता,” दाजी पुटपुटले. “परत मागता येईल का?”

पुढे एका गल्लीच्या तोंडाशी मुलांची रांग रस्ता ओलांडत होती, प्रत्येकाच्या मागे चाकांचा बैल. बाहेरचा डोळा वेड्यासारखा टिकटिकला. यंत्राला गुरे शिकवली आहेत, लाकडाची आणि मांसाची वेगळी शिकवलेली नाहीत. बसमध्ये हशा पिकला. दाजींनी बस अलगद उभी केली. मला हसू आले नाही. बैल लाकडाचा असला तरी दोरी धरणारे पोर खरे असते. ही चूक यंत्राने आयुष्यभर केली तरी चालेल.

कोराडीला वसाहतीत नणंदेच्या दाराला कुलूप. सगळे मारबत बघायला शहरात गेलेले. मी नंदीला दारात ठेवून यायचे म्हणत होते. दाजी म्हणाले, “राहू द्या ताई. परत नेऊ.” असे म्हणून त्यांनी तो स्वतः उचलला आणि त्याच सीटवर, माझ्यापेक्षा चांगल्या गाठीने, बांधला. नातीसाठी दुसरा नंदी घ्यायचे वाटेतच ठरले.

दिवसभरात टुंई एकदाच झाली. शाळेजवळच्या गतिरोधकावर नंदी थोडा कलला, तेव्हा दाजींनी वळून बघितले.

२४ ऑगस्ट, परत डेपो

सकाळी नेहाने दाजींना डेपोतच थांबवले. काल दाजींच्या बसमधून जवळपास काहीच आले नव्हते, तेव्हा कोणीतरी आतल्या डोळ्यावर कागद चिकटवला असणार, असे तिला वाटले. ती तपासायला बसमध्ये चढली. डोळा स्वच्छ होता. मग तिची नजर सीटवरच्या नंदीवर गेली. प्रज्ञाने तिला झुलीतले अर्धे तिकीट दाखवले.

मला वाटले, आता नियम सांगेल. तिने साडीची गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, “काकू, जोरात ब्रेक लागला तर हा उडून काचेवर जाईल. बांधलेला चालणार नाही. बोल्ट मारा.”

मुलगी मला आवडली. डेपोच्या मिस्त्रीकडून चाके काढवली, चारही पायांत भोके पाडून नंदी सीटच्या सांगाड्याला बोल्टने पक्का केला. स्पॅनर मी धरला, कारण मिस्त्री देवाला नट आवळायला बिचकत होता. मग धरून हलवून पाहिला. हलला नाही. त्या रात्री सुनंदाने मला पोळी ताटाला टेकवून वाढली, आणि निघताना सोबत सांबारवडी दिली. बसमध्ये खाऊ नको, म्हणाली.

मिरज

महिना संपला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. दाजी तळाला गेले नव्हते, पण वरही नव्हते. त्यांच्या वर दुसरी दोन नावे आली होती. बस त्यांच्याच हातात राहिली. त्या दोघांपैकी एकाने सुताराकडे नंदीची चौकशी केली आहे. सुनंदाचा आवाज मात्र दमलेला होता.

“दिवसभराचं साठवून आणते हा माणूस, अन् घरी आला का सुरू,” ती म्हणाली. “आता मले सांग अक्का, माह्या समोर कोणता बैल बसवू?”



दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शिकाऊ गाडीत बँकेतल्या एक बाई होत्या. आजवर मी सूचना दिली की त्या माझ्याकडे वळून “हो मॅडम” म्हणायच्या, आणि मी तो आदर समजायची. मी डब्यातून दोन लवंगा काढल्या, बोलणे निघू नये म्हणून तोंडात धरल्या, पाय नव्या रबराच्या ब्रेकवर ठेवला आणि बोटाने ‘चला’ म्हटले. स्टेशनच्या वळणापर्यंत बाई उत्तम आल्या. तिथे त्यांना माझी शांतता असह्य झाली. “मॅडम, बरं वाटत नाही का?” असे म्हणत त्या माझ्याकडे वळल्या. मी ब्रेक दाबला, गाडी उभी केली आणि बोट पुढच्या काचेकडे धरले.